भेटीची ओळ

आईला ज्येष्ठांच्या केंद्रात ठेवल्यापासून ताई मला रोज एकच प्रश्न विचारायची, "आज गेला होतास का?" ती राहते सातासमुद्रापलीकडे. तिथे बसून काळजी करणे फार सोपे असते. केंद्र माझ्या ऑफिसपासून गाडीने फार लांब नाही, त्यामुळे मला सांगायला सबब नव्हती, आणि सबब नसलेला माणूस चिडतो. मी चिडायचो.

खरे कारण मी तिला कधी सांगितले नाही. आईच्या तोंडून ताईचे नाव अजून अधूनमधून यायचे. माझे नाही. शेवटच्या भेटीत तिने मला "बसा ना" म्हटले आणि मग, "तुम्हाला कुणाकडे जायचंय?" असे विचारले. जन्मदात्री आईने आपल्याला 'तुम्ही' म्हणावे, हे मला सहन झाले नाही. तिने एकदा तरी मला ओळखून हाक मारावी, एवढेच मला हवे होते, आणि ते मिळणार नसेल तर तिथल्या फिनेलच्या वासात तासभर बसून काय करायचे? मी जाणे बंद केले.

केंद्र रोज दुपारी वेबसाइटवर प्रत्येक आजी-आजोबांचे एक पान टाकायचे. त्यात जेवण, औषधे, झोप आणि कोणी आले असेल तर भेट, असा साधा तक्ता असायचा. ताईला ते पान उघडताना पासवर्डची कटकट व्हायची आणि ती कटकट फिरून माझ्याच डोक्यावर यायची. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याने ते पान उतरवून घ्यायचे, त्यातला मजकूर वेगळा काढायचा आणि आम्हा दोघांच्या फोनवर निरोप पाठवायचा. पोटच्या पोराचे काम मी यंत्राच्या गळ्यात बांधले, असे कोणी म्हटले असते तर मी नाही म्हणालो नसतो.

वेबपान आपल्याला दिसते तसे नसते. आत मजकुराभोवती खुणा असतात. इथे तक्ता सुरू, इथे ओळ सुरू, इथे संपली, अशा. त्या खुणा वाचून पानाची मांडणी उलगडणारी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, मिळतो, आमच्या धंद्यात सगळेच ती वापरतात. केंद्राचे पान बहुधा कुणाच्या तरी भाच्याने शिकता शिकता बनवले असावे. अर्ध्या खुणा उघड्या टाकलेल्या, तक्त्याला धड चौकट नाही. त्यातच माझी एक चूक झाली. भेटीची ओळ पानावर रोज असणारच असे मी धरून चाललो होतो. पण कोणी आलेच नाही तर केंद्रवाले ती ओळ छापतच नसत. प्रोग्राम ती शोधायचा, त्याला ती सापडायची नाही, आणि तो बंद पडायचा. रोज पडायचा.

सरळ उपाय दोन होते. ओळ नसली तर पुढे जा, असे प्रोग्रामला सांगणे हा एक. दुसरा उपाय कोणता ते सांगायला नको. मी तिसराच केला. लायब्ररीला पान वाचण्याच्या दोन तऱ्हा असतात, एक कडक आणि एक सैल. सैल तऱ्हा मोठी समजूतदार. उघडी राहिलेली खूण ती स्वतः मिटवते, आणि जो भाग असायलाच हवा पण लिहिणारा विसरला, तो स्वतःच घालून पुढे जाते. मी सैल तऱ्हा लावली. प्रोग्राम बंद पडायचा थांबला. का थांबला ते मी पाहिले नाही. कामाचा कंटाळा आला की आम्ही लोक असेच करतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत निरोप आला. खाली एक ओळ होती, 'भेट: मुलगा.'

लगेच ताईचा मेसेज. "गेलास. बरं वाटलं रे."

केंद्रातल्या बाईने दुसऱ्या कुणाचा मुलगा आमच्या पानावर चढवला असेल, असे मी समजलो. ताईला खरे सांगायला हवे होते. पण कित्येक महिन्यांत ती माझ्याशी पहिल्यांदा गोड बोलली होती. मी नुसता अंगठा पाठवला.

मग ती ओळ रोज येऊ लागली, आणि वाढू लागली. 'भेट: मुलगा. केस विंचरून दिले.' 'भेट: मुलगा. सूप भरवले, पूर्ण संपवले.' 'भेट: मुलगा. नखे कापली. आजी हसल्या.' ताई खूश होती. तिकडच्या मैत्रिणींना माझे कौतुक सांगू लागली. आयते श्रेय होते, मी घेतले.

आणि एका दुपारी आले, 'भेट: मुलगा. आजींनी ठोंब्या म्हणून हाक मारली.'

लहानपणी मला जिथे बसवावे तिथे मी बसून राहायचो, म्हणून आई मला ठोंब्या म्हणायची. घराबाहेर हे कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते.

मी ब्राउझरमध्ये केंद्राचे पान उघडले. जेवण, औषधे, झोप. भेटीची ओळच नव्हती. पानाचा कच्चा मजकूर उघडला आणि शेजारच्या टेबलावरच्या टेस्टरला बोलावले. दुसऱ्याच्या चुका शोधण्याचाच तो पगार घेतो.

"इथे अशी ओळच नाहीये," तो म्हणाला. मग माझ्या प्रोग्रामने काढलेली मांडणी पाहिली. "आणि इथे आहे. तू घातलीस?"

"नाही."

"लायब्ररी रिकामी चौकट घालेल. शब्द कुठून आणेल?"

"तेच तर विचारतोय."

तो पुन्हा वाचू लागला. 'ठोंब्या'पाशी त्याची नजर थांबली. ते माझेच घरातले नाव, असे मी सांगताच तो खुर्ची सरकवून जागेवर गेला, आणि त्या दिवसापासून माझ्या स्क्रीनकडे बघायचे टाळू लागला.

मला भीती वाटायला हवी होती. मला हेवा वाटला. जी हाक ऐकायला मी तडफडत होतो, ती दुसरे कोणीतरी ऐकत होते, तेही माझ्या नात्याने. मी अर्धी रजा टाकली आणि केंद्रात गेलो.

काचेच्या खिडकीमागच्या बाईंना मी विचारले, "आईला भेटायला रोज कोण येतं?"

"तुमच्याशिवाय कोण येणार?" त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही तर येत नाही."

वरच्या मजल्यावर आईचे बघणाऱ्या मावशी घड्या घातलेल्या चादरी घेऊन चालल्या होत्या. मला पाहून त्यांना बरे वाटले असावे. "आजी सुधारल्यात हो. आता ताट ठेवून मी दुसऱ्या खोलीत जाते. परत येते तर रिकामं."

"हाताने जेवते?"

मावशींनी हातातल्या चादरी उगाच सारख्या केल्या. "त्यांची बोटं वळतात कुठे?"

"मग?"

"मी विचारत नाही," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

आईच्या खोलीचे दार अर्धवट उघडे होते. मी आत जायच्या आधीच तिचा आवाज ऐकला.

"हळू रे. भाजतंय."

आणि ती हसली. ते हसू मी विसरलो होतो.

ती उशीला टेकून बसली होती. केस नीट विंचरलेले, सरळ भांग काढलेला. तिचे तोंड खिडकीजवळच्या खुर्चीकडे होते. खुर्ची पलंगाला अगदी चिकटून ओढलेली होती आणि रिकामी होती.

"आई," मी म्हणालो.

तिने मान वळवली. चेहरा लगेच सावध झाला.

"कोण हवंय तुम्हाला?"

"आई, मी आलोय."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. मग खुर्चीकडे वळली. "ठोंब्या, बघ रे, हे कोण आलेत?"

ती थांबली. समोरच्याचे बोलणे ऐकताना माणूस जसा थांबतो, तशी. मग तिने मान डोलावली.

"तो म्हणतो, तुम्ही चुकून आलात."

"आई, ठोंब्या मी आहे. मी."

तिने चादर हनुवटीपर्यंत ओढली. ती मला घाबरली होती.

मी निघालो. जिना कसा उतरलो ते आठवत नाही. गाडीत बसून लॅपटॉप उघडला आणि तो प्रोग्राम पुसून टाकला. नुसता बंद नाही केला, पुसला. मग स्टिअरिंगवर डोके ठेवून रडलो.

घरी पोचलो तोच ताईचा फोन.

"आत्ता आलेला निरोप वाचून जीव घाबरा झाला रे माझा."

"कुठला निरोप?" मी विचारले. माझ्या फोनवर काही आले नव्हते.

तिने वाचून दाखवला. "'भेट: मुलगा. दुपारी एक अनोळखी गृहस्थ खोलीत शिरले. आजी घाबरल्या. मुलाने त्यांना हाताला धरून दारापर्यंत सोडले.'"

मला दारापर्यंत कोणीतरी सोडले होते. आता आठवले, जिन्यात माझ्या कोपराला कोणाचा तरी हात होता, हलकाच, आजारी माणसाला धरावा तसा. मावशी असतील असे वाटून मी वर न पाहताच थँक्यू म्हणालो होतो.

"कोण होता रे तो माणूस?" ताईने विचारले.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"जाऊ दे. तू होतास तिच्याजवळ, म्हणून बरं."