येते मी

पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण ज्याच्यावर ही वेळ आली तो हरिओम आजही बीडच्या एका कॉलेजात शिकतोय, आणि यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही.

भुताच्या गोष्टीत अमावस्या असते, वारा असतो. इथे तसलं काही नाही. जानेवारीचा दुसरा रविवार, दुपारचा एक. पाटोद्याच्या पुढची चाळीस घरांची वस्ती.

ऊन डोक्यावर होतं.

हरिओम मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजच्या महोत्सवात हॉरर ट्रेलरची स्पर्धा होती. सिनेमा करायचाच नव्हता, फक्त त्याचा सव्वा मिनिटाचा ट्रेलर. शूटिंगसाठी त्याने स्वतःचीच वस्ती सुचवली. तिथे सेट लावायची गरजच नव्हती. चाळीसपैकी एकतीस घरांना कुलूप, वाळलेली तुळस, ओट्यावर उलटी घातलेली बादली. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गेली की आमच्याकडची निम्मी गावं अशीच दिसतात. कॅमेऱ्यातून बघणारा त्याला भयाण म्हणतो.

भूत म्हणून वर्गातली स्वप्ना उभी राहिली. लुगड्यावर पुरुषाचा शर्ट, डोक्याला टॉवेल, हातात कोयता. ऊस तोडणाऱ्या बाईचा रोजचाच वेश. सर म्हणाले, "एकदम ओरिजिनल."

हरिओमची आई वीस वर्षं त्याच वेशात राबली होती. ते त्याने सरांना सांगितलं नाही.

सगळं अडलं ते आवाजावर. शेवटी पडदा काळा होतो आणि भूत एकच वाक्य बोलतं, असं ठरलं होतं.

"येते मी."

आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. हरिओमची आई मंगल याबाबतीत फार कडक. लहानपणी शाळेला निघताना तो एकदा "आई, जातो" म्हणाला. तिने त्याला अर्ध्या वाटेवरून परत आणलं, उंबऱ्याच्या आत बसवलं, घोटभर पाणी पाजलं आणि 'येतो' म्हणायला लावलं. मगच सोडलं.

दोन वर्षांपूर्वी तीसुद्धा 'येते' म्हणूनच ऊसतोडीला गेली होती. तिकडे ट्रॉली उलटली. अंत्यविधी तिकडेच उरकला. वडील परमेश्वर एकटे परत आले, तिचा कोयता फडक्यात गुंडाळून.

हरिओमच्या फोनमध्ये तिचा शेवटचा व्हॉइस मेसेज होता. एकवीस सेकंदांचा.

"हरी, जेवलास का? मंजूला थंडीचं जप. ट्रॉली भरायला लागलीय, लई घाई हाय. पाडव्याला येते. येते मी."

स्वप्नाने ते वाक्य तीस वेळा म्हणून पाहिलं. नाटकी वाटत होतं. दुसऱ्या दिवशी ट्रेलर जमा करायचा होता. तेव्हा हरिओमने त्या मेसेजचे शेवटचे दोन शब्द कापले, संथ केले, घुमवले आणि काळ्या पडद्यावर लावले.

"कुणाचा आवाज हाय हा?" स्वप्नाने विचारलं. तिच्या अंगावर काटा आला होता.

"चुलतीचा."

खोटं बोलताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही, असं तो स्वतःच सांगतो.

ट्रेलर तुफान चालला. ज्याच्या त्याच्या स्टेटसला तोच. पोस्टरवर मोठ्या लाल अक्षरांत, 'ती म्हणाली होती... येते मी.' पोरं तो आवाज लावून दाराआडून एकमेकांना घाबरवायला लागली. हरिओमचे पाय जमिनीवर नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्याने आईचा मेसेज लावला. सहज.

एकवीस नाही... पंधरा सेकंद.

थंडीचं वाक्य गेलं होतं. मध्ये खरखर नाही, खंड नाही. आई जेवणावरून थेट ट्रॉलीवर आली होती.

फोन बिघडला असेल, त्याने मनाची समजूत घातली. पाचव्या दिवशी पुन्हा लावला.

नऊ सेकंद... 'जेवलास का' पण नाही.

ट्रेलर जितका पसरत होता, तितकी आई कमी होत होती. हे त्याला कळलं होतं. ट्रेलर काढून टाकावा असं मनात आलंही. मग त्याने व्ह्यूज पाहिले आणि राहू दिला.

जानेवारीच्या त्या दुसऱ्या रविवारी सकाळी चुलती भिवराबाईंचा फोन आला. वडील यंदाही ऊसतोडीला गेल्यापासून हरिओमची आठवीतली बहीण मंजुषा चुलतीकडे राहते.

"हरी, पोरगी दोन दिस झालं जेवली न्हाई. तुमचं घर उघडून बसलीय. दार लावू देईना. तू ये बाबा."

तो एकच्या सुमारास पोचला. मंजुषा उंबऱ्याच्या आत बसली होती. उंबऱ्याबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या.

"कुणासाठी हाय?" त्याने विचारलं.

"आईसाठी." तिने मानसुद्धा वर केली नाही. "रोज येती. तू बोलावलंस न्हवं. दारापतूर येती. आत येत न्हाई."

"कावून?"

"पोरं भूत म्हणत्यात म्हणून." मग तिने वर पाहिलं. "दादा, आईचं भूत कावून केलंस?"

तो आत जाऊन तिच्याशेजारी उभा राहिला.

बाहेर मागं राहिलेली पोरं फोन घेऊन खेळत होती. एका फोनमधून ट्रेलर वाजला. "येते मी..." मग दुसऱ्या फोनमधून. मग हसणं.

आणि एकदम... सगळं बंद.

पोरांचा आवाज नाही. कुत्रं नाही. शेजारच्या शेळीच्या गळ्यातली घंटा नाही.

मग वास आला... नुकत्याच तोडलेल्या ओल्या उसाचा.

त्या वस्तीच्या आसपास पाच कोसांत ऊस नाही.

ओट्यावर धप्पकन काहीतरी पडलं. डोक्यावरची मोळी टाकावी तसं. हरिओमने पाहिलं. ओट्यावर फक्त ऊन होतं.

आणि उंबऱ्याच्या पलीकडून... आवाज.

घुमवलेला नाही. संथ केलेला नाही. दिवसभर राबून दमलेला, आईचा.

"हरी... येते मी?"

ती सांगत नव्हती. विचारत होती.

एक शब्द पुरला असता. 'ये.' मंजुषा त्याच्या तोंडाकडे बघत होती, त्याने तो म्हणावा म्हणून. पण आईच्या आवाजाने अख्ख्या जिल्ह्याला घाबरवणारा पोरगा स्वतःच घाबरला.

त्याने दार लावलं. आतून कडी घातली.

बाहेर बराच वेळ काहीच नाही.

मग तांब्या उचलल्याचा आवाज... एक घोट... तांब्या खाली ठेवल्याचा आवाज. पावलं सावकाश ओटा उतरली.

मंजुषा रडली नाही. तिने कडी काढली. तांब्यातलं पाणी घोटभर कमी झालं होतं. शेळीची घंटा पुन्हा वाजायला लागली.

ट्रेलरला पहिलं बक्षीस मिळालं. घ्यायला स्वप्ना गेली. हरिओमने आपल्या फोनमधून ट्रेलर पुसला, पण बाकीच्यांच्या फोनमधून कसा पुसणार? तो अजून फिरतोय. कदाचित तुमच्याकडेही आला असेल.

त्या रविवारी वस्तीवरून बीडला परतताना, बसमध्ये, त्याने मेसेज शेवटचा लावून पाहिला. दोन सेकंद उरले होते. त्याने फोन कानाला लावला. ज्या बाईने उंबऱ्यात तो शब्द कधी कुणाला म्हणू दिला नाही, तिच्याच आवाजात...

"जाते मी."

स्वप्नानेही तो मेसेज ऐकलाय. आवाज चुलतीचा नव्हता हे कळल्यावर तिने हरिओमशी बोलणं सोडलं.

आता पाडवा जवळ आलाय. मंजुषा शाळेतून आली की दार सताड उघडं ठेवून, तांब्या भरून बसते. आईने पाडव्याला येते म्हटलं होतं, असं सगळ्यांना सांगते. कुणीतरी तिला तो मेसेज ऐकवायला हवा.

हरिओमचा धीर होत नाही.