वास न येणारा पारखी

पाऊस म्हणावा तर नव्हता, ऊन म्हणावं तर तेही नव्हतं; नुसती भुरभुर होती. धडगावच्या खाली, नदीकाठच्या भट्टीवर रशिदा देगेच्या, तेलाच्या मोठ्या हंड्याच्या, झाकणाला उडदाच्या पिठाचा लेप देत होती. तेवढ्यात एक अनोळखी तरुण डोक्यावर पिशवी धरून छपराखाली शिरला.

“माफ करा… हे थांबलं की लगेच जातो.”

“हे आता दिवाळीपर्यंत थांबत नाही,” रशिदा म्हणाली.

तो हसला आणि चिखलाचे पाय बाहेर राहतील अशा बेताने बसला.

एकोणीसशे चौतीसचा भाद्रपद होता. सातपुड्याच्या उतारांवर रोशा गवत फुलावर आलं होतं. गवताच्या पेंढ्या देगेत भरायच्या, खाली जाळ लावायचा. वाफ बांबूच्या नळीतून नदीत बुडवलेल्या भांड्यात उतरे, थंड होई, आणि पाण्यावर पिवळसर तेल तरंगे. हे तेल शहाद्याचे व्यापारी घेत, तिथून ते मुंबईच्या अत्तरवाल्यांकडे जाई. नदीकाठी अशा सात भट्ट्या होत्या. त्यांतली एक रशिदाच्या अब्बांची, अजीजमियांची.

फळीवर एक बाटली होती. त्या तरुणाने ती सहज उचलली, बूच काढलं, डोळे मिटून हुंगलं.

“वा! अस्सल मोतिया. वीस वर्षांत असा माल पाहिला नाही.”

“वीस वर्षांत? तुमचं वय काय?”

“चोवीस,” तो म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला.

रशिदाचा पिठाचा हात तसाच राहिला. त्या बाटलीतलं तेल जळकं होतं. मागच्या आठवड्यात देगेतलं पाणी आटलं आणि गवत तळाला लागलं, तेव्हाचं. ते अब्बांच्या गुडघ्यांना चोळायला ठेवलं होतं, आणि ते लावलं की अब्बा स्वतःच्या गुडघ्यांकडे पाठ करून झोपायचा प्रयत्न करत.

शहरातले तरुण असं खोटं कौतुक करून बोलायला सुरुवात करतात की काय? तिला राग आला. आणि कान गरम झाले. ते रागाने की कशाने, हे तिला ठरवता येईना.

“थट्टा करताय?”

त्याने पुन्हा हुंगलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्याचा आवाज एकदम खाली आला.

“…जळकं आहे का?”

“तुम्हाला वास येत नाही?”

त्याने मागेपुढे पाहिलं. छपराबाहेर जाळ सारणारा आमशा लाकडं फोडत होता, बाकी कुणी नव्हतं.

“श्रावणात ताप आला, पडसं झालं. ताप गेला, पण वास काही परत आला नाही. मी इद्रिस. शहाद्याच्या चुनीलाल शेठचा नवा पारखी.”

पारखी म्हणजे साती भट्ट्यांचं तेल हुंगून कुठलं घ्यायचं, कुठलं परत करायचं ते सांगणारा माणूस. रशिदाला हसू आलं, आणि लगेच वाईट वाटलं.

“शेठला सांगितलं?”

“शेठने मला नाकासाठी ठेवलंय. नाक नाही म्हटलं तर मी उरतो कुठे?” तो थांबला. “तुम्ही सांगाल का त्यांना?”

तिने त्याच्या हातातून बाटली घेतली, बूच घट्ट बसवलं.

“बुधवारी याल ना नमुने घ्यायला? आधी बाकीच्या सहा भट्ट्यांवर जा. शेवटी इथे या. बाटल्यांच्या गळ्यात दोरा असतोच, मी हुंगून गाठी मारीन. मोतिया असेल, गुलाबाकडे जाणारा, तर एक गाठ. सोफिया, आल्यासारखा उग्र, तर दोन. भेसळ असेल तर तीन.”

“आणि तुमचं तेल?”

“त्याला गाठ नाही. ते चांगलंच असतं.”

“कशावरून?”

“मी सांगते म्हणून.”

“म्हणजे विश्वास ठेवायचा.”

“नाक नसेल तर दुसरं काय ठेवणार?”

तो मोठ्याने हसला. बाहेर आमशाने लाकूड खाली ठेवून आत पाहिलं.

संध्याकाळी तिने अब्बांना सगळं सांगितलं. अब्बा गुडघा चोळत होते. “जाऊ दे बेटी,” ते म्हणाले. “सुताराची बोटं गेली तर तो काय खाईल? आपण खोटं तर सांगत नाही. गाठ खरी मार, म्हणजे झालं.”

ती खरी गाठ मारी. दर बुधवारी इद्रिस येई. अब्बा जाळाजवळ बसून असत, हे दोघं छपराखाली. ती एकेक बाटली हुंगे, मध्ये नदीकडे तोंड करून मोकळा श्वास घेई, मग गाठ. तो तिच्याकडे टक लावून बघत राही.

पण नेमका कशाकडे? हाच घोळ होता. गाठ किती पडते ते तो पाहतो, की गाठ मारणारे हात? एका बुधवारी तिने मुद्दाम नवी हिरवी ओढणी घेतली. तो बाटल्यांबद्दलच बोलला, नमस्कार करून गेला. तिने ओढणी पेटीत टाकून दिली. पुढच्या बुधवारी तो आला आणि पिशवी उतरवता उतरवता म्हणाला, “मागच्या वेळी हिरवी होती.”

“काय हिरवी होती?”

“…नाही. काही नाही. गवत.”

आता याचं काय करायचं! सगळ्या व्यापाऱ्यांना ती भाई म्हणे. हमीदभाई, बन्सीलालभाई. याला ‘इद्रिसभाई’ म्हणायला गेली की शब्द दातांत अडके. म्हणून ती त्याला काहीच म्हणत नसे. “अहो, बाटली” एवढंच.

शेजारच्या दगूबाईच्या डोळ्यांतून हे सुटलं नाही. दगूबाई फुटाणे विकायची आणि सगळ्या गावाची खबर ठेवायची.

“काय वं पोरी, तो पारखी तुन्हा तोंडकडे देखस का नाककडे?”

“दगूमावशी!”

“मी सोता देखी ऱ्हायनू ना! बाटल्या सहा, आन बठस दोन घटका. एवढा येळमा तर मी पोतंभर फुटाणा हुंगी टाकसू.”

रशिदा हसली, पण मनात तो प्रश्न बसला तो बसलाच. तोंड की नाक? उत्तर हवं होतं, आणि लवकर हवं होतं. नंदुरबारहून नजमुन्निसा फुफीचा, अब्बांच्या बहिणीचा, निरोप आला होता. तिथल्या एका बांगडीवाल्यांचा मुलगा, घर चांगलं, माणसं चांगली. हंगाम संपून भट्टी विझली की हो-नाही कळवायचं होतं. अब्बा म्हणाले, “तुझ्या मनात काय आहे ते सांग, तसं कळवू.” आणि मनात काय आहे ते तिला सांगता येत होतं. इद्रिसच्या मनात काय आहे ते कळत नव्हतं. भट्टी विझली की बुधवारही विझणार. नाकाचं काम संपलं की हा माणूस चांदसैलीचा घाट उतरून जाईल. मग? दुसऱ्याच्या मनातल्या गोष्टीसाठी बांगडीवाल्यांना नाही म्हणायचं?

कार्तिक सरत आला. शेवटच्या बुधवारी रशिदा उठली तीच डोकं जड घेऊन. नाक गच्च. तिने देगेवर वाकून श्वास घेतला… काही नाही. बाटलीत नाक घातलं, तरी काही नाही. जसं काही जगात गवत उगवलंच नव्हतं.

खरं सांगून टाकावं? पण खरं सांगितलं आणि तो ‘बरं, मग निघतो’ म्हणाला तर? प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं. पण तसलं उत्तर तिला नको होतं.

तो आला, सहा बाटल्या मांडल्या. रशिदाने पहिली उचलली, हुंगल्यासारखं केलं. ही वरच्या भट्टीची, यांचा मोतियाच असतो. एक गाठ. दुसरी, खालच्या वळणावरची, यांचा नेहमी सोफिया. दोन. तिसरी… ही कधी असं, कधी तसं. तिने नदीकडे पाहिलं, विचार केल्यासारखं केलं, एक गाठ मारली. असं करत सहावीपर्यंत आली.

शिंक आली म्हणून तिने ओढणीत तोंड लपवलं. वर पाहते तो इद्रिस तिसरी बाटली हातात घेऊन दोऱ्याला आणखी एक गाठ देत होता.

रशिदाने दोऱ्याकडे बोट केलं.

“ती गाठ… तुम्ही का मारली?”

“ते… एकच होती. दोन हव्यात.”

“कशावरून?”

त्याने बाटली खाली ठेवली. उचलली. पुन्हा खाली ठेवली.

“वासावरून.”

रशिदाने ओढणी तोंडावरून खाली घेतली.

“कधीपासून येतोय वास?”

“दसऱ्यापासून.”

तिने मनात बुधवार मोजले. “सात बुधवार! बेचाळीस बाटल्या हुंगल्या मी. डोकं धरून झोपायचे रात्री!”

“हो.”

“हो काय? सांगितलं का नाही?”

“नाक आलं म्हटलं असतं, तर इथे बसायचं कारण गेलं असतं.” तो मातीकडे पाहत बोलत होता. “दर बुधवारी सांगायचं ठरवून यायचो. तुम्ही पहिली बाटली उचललीत की… राहून जायचं.”

रशिदाला रागवायचं होतं, आणि रागाला जागाच सापडेना. शिंक मात्र पुन्हा आली.

“तुम्हाला सर्दी आहे,” तो एकदम म्हणाला. “म्हणून गाठ चुकली! मग तुम्ही का नाही सांगितलंत?”

आता ती मातीकडे पाहू लागली.

“रशिदा?”

त्याने पहिल्यांदाच नाव घेतलं होतं.

“कारण तेच,” ती म्हणाली. मग एका दमात, “फुफीला उत्तर द्यायचंय. नंदुरबारच्या स्थळाचं. भट्टी परवा विझणार. अब्बा तिथे बसलेत. बोलायचं असेल तर आत्ता बोला, नाहीतर राहू दे.” आणि त्याच्याकडे न पाहता ती छपरामागच्या खोलीत गेली.

दाराच्या फटीतून तिला सगळं दिसत होतं, ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. इद्रिस अब्बांसमोर उकिडवा बसला. टोपी काढली, घातली. हात जोडले, सोडले. अब्बांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून? अब्बा काठीने निखारे सारत राहिले. मग इद्रिस उठला आणि थेट नदीवर जाऊन तोंडावर पाणी मारू लागला. रडतोय की काय? हसतोय? पाठीवरून कसं कळणार!

अब्बा गुडघा धरत धरत आत आले.

“बेटी, दौत-लेखणी घे. फुफीला पत्र लिहायचंय.”

तिने लेखणी उचलली. “काय लिहू?”

“लिही, बांगडीवाल्यांना आमचा सलाम सांगावा. मुलीचं इथेच ठरलं.” अब्बा खाटेवर टेकले. “आणि कुणाशी ठरलं ते नीट लिही, बापाचं नाव, गाव, सगळं. फुफी ते आधी विचारणार. मी आपला त्याला नाकाचंच विचारत बसलो, बापाचं नाव विचारायचं राहून गेलं.”

रशिदालाही ते माहीत नव्हतं. इतक्या बुधवारांत तिने ते कधी विचारलंच नव्हतं.

तिने लेखणी खाली ठेवली, ओढणी सावरली, आणि विचारायला ती नदीकडे निघाली.