सात नंबरचं चॅनल

तेलगावच्या प्रविणला लोक मिक्सरवाला म्हणूनच ओळखायचे आणि गड्याला त्याचा भारी तोरा. लग्न असो, सप्ताह असो, सभा असो, माईकांचे आवाज सांभाळणारा सोळा चॅनलचा मिक्सर टेबलावर मांडला, हेडफोन कानाला लावला की स्वारी खूश. त्या दिवशीचं काम तर अगदीच साधं. शेजारच्या गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, भर दुपारी बाराला, तिथले पुढारी बबनराव यांच्या हस्ते. त्याच गावात गेल्या साली एक ग्रामसभा झालती. ती मात्र तो आठवत नसे. म्हणजे आठवू देत नसे.

आधी ती सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पाणीयोजनेच्या कामाचा ठेका बबनरावांचाच. विहिरीचा कठडा कागदावर होता, विहिरीवर नव्हता. शिवकन्याची आरोही, पाच वर्षांची पोर, तीत पडून मेली. चौकशीला तालुक्याहून साहेब आले, ग्रामसभा भरली, आणि ऊसतोडीला जाणारी ती बाई जन्मात पहिल्यांदा माईक धरून उभी राहिली. स्टेजवरून बबनरावांनी प्रविणकडं बघितलं आणि एक बोट खाली केलं. बस्स, तेवढंच. प्रविणनं तिच्या माईकचं, म्हणजे सात नंबरच्या चॅनलचं म्यूट दाबलं. लाल दिवा लागला, भोंगे गप्प झाले. साहेब लांब, जनरेटरची घरघर, वर बबनरावांच्या माणसांनी धरलेल्या टाळ्या. आपला आवाज हातभरसुद्धा जात नाही, याचा बाईला पत्ताच नाही.

पण मिक्सरचं एक असतं. म्यूट केलेलं चॅनल भोंग्याला जात नाही, तरी त्याच्याच शेजारचं ऐकायचं बटण दाबलं की हेडफोनात सगळं येतं. प्रविणनं ते दाबलं होतं. का दाबलं, त्याचं त्याला ठाऊक. बाई सांगत होती, पोर तासभर जिवंत होती, आतून हाका मारत होती. बबनरावांची माणसं दोर घेऊन काठावर उभी होती. पण काम बघायला आलेले पाहुणे जेवत होते, ते जाईपर्यंत बोंबाबोंब नको म्हणून दोर कुणी सोडला नाही, आणि आईचं तोंड दाबून धरलं. चार मिनिटं बोलली ती. ऐकलं एकट्या प्रविणनं.

साहेबांनी अहवालात लिहिलं, आईची तक्रार नाही. जाता जाता त्यांनी विचारलं तेव्हा प्रविण म्हणाला, "माईक बिघडलाता, सायब." त्या दिवाळीला शिवकन्या तोडीला गेली आणि फडातच तापानं मेली. आता ती चार मिनिटं जगात एकाच माणसापाशी उरली होती. धड माणूस असता तर कुठंतरी बोलून मोकळा झाला असता. हा पठ्ठ्या लग्नाच्या सुपाऱ्या घेत फिरला.

तर उद्घाटनाला मांडव गच्च भरला. एक नंबरला बबनरावांचा माईक, तीनला निवेदकाचा. सात रिकामं, तिथं वायरच लावलेली नव्हती. आणि त्या रिकाम्या चॅनलचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. कुणी बोलताना होतो तसा, थांबून थांबून.

प्रविणनं ऐकायचं बटण दाबलं.

"...दोर हुता वं त्यांच्या हातात..."

उन्हातला घाम त्याच्या पाठीवरच गार झाला. तोच आवाज, तोच मधे लागणारा दम.

"आश्रुबा..." त्यानं जोडीदाराला हाक मारली. वायरी ओढण्यात जन्म घालवलेला म्हातारा तो. "हे... हे ऐक जरा."

आश्रुबानं हेडफोन लावला अन् काढला. "काय बी न्हाई बे. साताला वायरच न्हाई, आवाज येतुय कुठनं? लई ऊन लागलंय तुला, पाणी पी." एवढं बोलून तो जनरेटरकडं निघून गेला.

प्रविणनं सातचं म्यूट काढलं, आवाज वाढवायचा फेडर वर सरकवला, भोंग्याला जायचं बटण दाबलं. जाऊ दे एकदाचं, ऐकू दे गावाला! पण भोंग्यातून चकार शब्द नाही. हेडफोनात मात्र ती बोलतच राहिली. चार मिनिटं संपली. नुसता श्वास आला. आणि मग गेल्या साली न बोललेलं एक वाक्य.

"दादा... तूच ऐकलंस. आता तूच सांग..."

स्टेजवर बबनराव म्हणत होते, "या गावानं माझी कधी एक तक्रार केली न्हाई!"

प्रविणला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. उद्यापासून काम बंद, कदाचित हातपायही मोडतील. पण त्याहून जास्त त्याला स्वतःची शिसारी आली. त्यानं हेडफोन टेबलावर ठेवला, तडक स्टेजवर गेला आणि निवेदकाच्या हातातला माईक काढून घेतला. आत्ताच तर त्यावर निवेदक घसा फोडून ओरडला होता, माईक ठणठणीत होता.

मग तो बोलला. दोर, जेवणारे पाहुणे, दाबलेलं तोंड, आणि दाबलेलं म्यूटसुद्धा. एक अक्षर गाळलं नाही. बोलता बोलता रडला. वर बघतो तर पुढच्या रांगेतल्या बाया कानाला हात लावून विचारतायत, काय म्हणतोय हा? मागं पोरं हसतायत. भोंग्यातून काहीच येत नव्हतं. बबनरावांच्या माणसांनी पुन्हा टाळ्या धरल्या. बबनरावांनी प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बिघडलं वाटतं रं मशीन? असू दे, असू दे. बिघडतंय कवा कवा."

प्रविणनं टेबलाकडं बघितलं. आश्रुबा पार लांब, जनरेटरपाशी. टेबलापाशी कुणी नव्हतं.

तो धावत खाली आला. तीन नंबरच्या चॅनलवर म्यूटचा लाल दिवा लागलेला. त्याच्याच शेजारी ऐकायच्या बटणाचा पिवळा दिवाही लागलेला.

हेडफोन टेबलावर नव्हता, खुर्चीवर होता. त्यानं उचलला. डोक्यावरची पट्टी दोन्ही बाजूंनी आत, पार शेवटच्या खाचेपर्यंत ढकललेली होती. पाच वर्षांच्या पोरीच्या डोक्याला बसेल एवढी. प्रविणनं ती दोन्ही हातांनी ओढली, जीव खाऊन ओढली. ती काही केल्या मोठी होईना.