पेडलचं नवं रबर

क्लचच्या पेडलवरचं रबर डाव्या वरच्या कोपऱ्यात झिजलं होतं. रबरावर आडव्या नऊ रेघा. खालच्या सहांची खोली दोन मिलिमीटरच्या आसपास. वरच्या तीन डावीकडे जाता जाता सपाट होत गेलेल्या. अगदी कोपऱ्यात व्हर्निअरने शून्य पूर्णांक तीन दाखवलं. मी तीनदा मोजलं. मोजमाप हाच माझा पेशा आहे. एकदा मोजलेल्यावर मी विश्वास ठेवत नाही.

हे रबर मी जानेवारीत नवं बसवलं होतं. त्या दिवशी मार्चची नऊ तारीख होती. मधल्या काळात गाडी एकूण अकरा किलोमीटर चालली होती. मी रविवारी आर. के. पुरमहून मयूर विहारला आईकडे येते, गाडी सुरू करते, सोसायटीला एक फेरी मारते. किल्ली एकच आहे, ती माझ्या पर्समध्ये असते. माझा पाय लहान आहे. तो पेडलच्या मधोमध पडतो.

डाव्या वरच्या कोपऱ्यात पाय पडायचा तो धम्मदीपचा. माझा धाकटा भाऊ. आठव्या वर्षी सरकारी क्वार्टरच्या जिन्यावरून पडून त्याचा डावा घोटा मोडला होता आणि तिरका जुळला. पाऊल कायम बाहेर वळलेलं. जानेवारीत काढलेलं जुनं रबरही त्याच कोपऱ्यात झिजलेलं होतं, पण ते त्याने पाच वर्षं वापरलं होतं.

धम्मदीप नोव्हेंबर २०१७ पासून बेपत्ता आहे.

आमच्या गल्लीत गाड्या दोन रांगांत उभ्या राहतात. मागच्या रांगेतल्याने गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, हँडब्रेक खाली सोडायचा. पुढच्याला निघायचं असेल तर तो ती हाताने ढकलतो आणि वाट करून घेतो. दिल्लीत हे कुणी शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र सवय नव्हती. माझ्या क्वार्टरला स्वतःची जागा आहे, तिथे मी गाडी पहिल्या गियरमध्ये टाकून हँडब्रेक ओढते. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं.

त्या नोव्हेंबरात मी आईकडे मुक्कामाला आले होते. माझी गाडी मी धम्मदीपच्या गाडीमागे लावली, गियरमध्ये. सकाळी त्याला गुरुग्रामला ऑफिसला जायचं होतं. त्याने आणि शेजारच्या दीनानाथजींनी ढकलून पाहिली. ती हलली नाही. तो वर आला. मी झोपले होते. रुचिरा, त्याची बायको, मला उठवणार होती. तो म्हणाला, "झोपू दे ताईला. मेट्रोने जातो, यार."

धुरकं इतकं होतं की समोरची इमारत दिसत नव्हती. तो गेटमधून चालत बाहेर पडला. मेट्रो स्टेशनच्या कॅमेऱ्यात तो कुठेच नाही. आमच्या गेटपासून तिथवर सातशे मीटर आहेत. तेही मी मोजले आहेत.

मला कुणी काही बोललं नाही. पुढच्या महिन्यात मी माझी गाडी विकली.

आता बिघाडाबद्दल. फेब्रुवारीपासून धम्मदीपच्या गाडीचे गियर नीट पडेनात. इंजिन बंद असताना सगळे गियर लोण्यासारखे पडत. इंजिन सुरू केलं की पहिला गियर अडायचा, रिव्हर्स टाकताना दात घासल्याचा आवाज यायचा. म्हणजे दोष गियरबॉक्सचा नाही. क्लच पूर्ण सुटत नाही. मग दुसरी चाचणी केली. हँडब्रेक घट्ट ओढला, तिसरा गियर टाकला, क्लच हळू सोडला. निरोगी गाडी अशा वेळी बंद पडते. ही बंद पडली नाही. इंजिन चालू, चाकं स्थिर, आणि केबिनमध्ये जळक्या कागदासारखा वास. म्हणजे क्लच धड सुटतही नव्हता, धड धरतही नव्हता.

तिसरी गोष्ट मी वहीत लिहिली, पण तिला बिघाड म्हणता येत नव्हतं. रविवारी मी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, कुलूप लावून जायचे. पुढच्या रविवारी ती पहिल्या गियरमध्ये असायची.

"बेटा, न्यूट्रल में छोडा करो," दीनानाथजी बाल्कनीतून म्हणाले. "सौ बार बोला है. रोज सुबह ऑटो पकडना पडता है मुझे."

"न्यूट्रल में ही छोडी थी, अंकल."

"अच्छा? तो भूत ने डाला होगा गियर," असं म्हणून ते हसले. मग एकदम हसायचे थांबले आणि आत गेले.

त्रिलोकपुरीच्या रस्त्यावर विश्वनाथ मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याने गियरबॉक्स उतरवला, क्लचप्लेट काढून माझ्या हातात दिली. घर्षणाचा थर रिव्हेटपर्यंत झिजलेला. प्रेशर प्लेटवर निळे डाग पडलेले. लोखंड फार तापलं की पडतात तसे.

"मॅडम, रोज गुडगाव जाते हो क्या?" त्याने विचारलं. "जाम में आधा क्लच दबाके बैठने की आदत है आपको. ना गाडी को जाने देते हो, ना रुकने देते हो."

"ग्यारह किलोमीटर चली है. दो महीने में."

त्याने मीटर पाहिला. मग प्लेट माझ्या हातातून घेतली आणि बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिला. नवी प्लेट बसवली, केबल बदलली. पैसे घेताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

तो रविवार तेवीस मार्चचा. संध्याकाळी गाडी मी मागच्या रांगेत लावली, न्यूट्रल, हँडब्रेक खाली. उजवीकडे भिंत इतकी जवळ होती की मला डाव्या दारातून सरकत बाहेर पडावं लागलं. त्याआधी गियरच्या दांड्यापासून बाजूच्या प्लास्टिकपर्यंत मी कागदी टेप लावली, तिच्यावर तारीख घातली. दांडा हलला तर टेप फाटेल.

त्या दिवशी मी मुक्कामाला राहिले, कारण दुसऱ्या दिवशी दहा वाजता वकिलांकडे जायचं होतं. कायद्याला लागतात ती सात वर्षं उलटून गेली होती. धम्मदीप मृत आहे असं न्यायालयाने जाहीर करावं, असा रुचिराचा अर्ज तयार होता. त्याला आईचं आणि माझं शपथपत्र जोडायचं होतं. आईची सही डिसेंबरातच झाली. माझी चार महिने राहिली होती.

जेवताना रुचिरा म्हणाली, "ताई, लग्नासाठी निहारला मी आणखी किती दिवस थांब म्हणू? तो काही बोलत नाही. पण मी छत्तीस वर्षांची झाले."

मी पोळीचा तुकडा मोडत राहिले.

"तिला उत्तर दे," आई म्हणाली. "मी जन्म दिलाय त्याला, मी केली सही. घरात त्याच्या नावाने पुण्यानुमोदन नाही, काही नाही. त्याचा फोटोसुद्धा लावू देत नाहीस. तू काय माझ्यापेक्षा जास्त रडलीस?"

"उद्या बघू, आई."

"तुझं उद्या सात वर्षांचं झालं."

सकाळी साडेसातला खालून दीनानाथजींची हाक आली. त्यांना दवाखान्यात वेळेवर पोचायचं होतं आणि आमची गाडी ढकलून हलत नव्हती. मी किल्ली घेऊन उतरले. माझ्यामागून रुचिरा फाइल घेऊन आली, आणि कठड्याला धरत धरत आईही.

दाराच्या हँडलवर रात्रीची धूळ तशीच होती. कुलूप उघडलं. वास आला. जळका, ताजा.

मी डाव्या सीटवर बसले. दांडा पहिल्या गियरमध्ये होता. टेप फाटलेली नव्हती. तिच्यावर सुरकुतीही नव्हती. तारीख माझ्याच अक्षरात, आणि टेप आता पहिल्या गियरच्या जागी सरळ बसलेली.

याच सीटवर बसून मी धम्मदीपला गाडी शिकवली होती. तो क्लच दाबून धरायचा आणि मी गियर सांगेपर्यंत थांबायचा. माझं बोलणं पूर्ण झाल्याशिवाय त्याने कधीही पाय उचलला नाही. मागचे हॉर्न वाजवत, तो हसत म्हणायचा, "ताई, वाक्य पुरं कर."

"लगाऊँ जोर?" दीनानाथजींनी मागून विचारलं.

मी दांड्यावर हात ठेवला. मूठ कोमट होती. दांडा हलेना.

तेव्हा क्लचचं पेडल खाली गेलं.

झटक्याने नाही. सावकाश, तळापर्यंत. उजवीकडची ड्रायव्हरची सीट रिकामी होती. माझे दोन्ही पाय माझ्यापुढच्या पायपुसण्यावर होते. मी त्यांच्याकडे पाहून खात्री केली.

क्लच दाबला की गियरमधली गाडीही सुटी होते. ती वीतभर पुढे सरकली.

"हाँ, हिली!" दीनानाथजी म्हणाले.

रबराचा डावा वरचा कोपरा दबलेला दिसत होता. उजवा नाही.

"न्यूट्रल," मी म्हणाले. माझा आवाज मला नीट ऐकू आला नाही.

हाताखाली दांडा मागे आला आणि मधोमध थांबला. टेप फाटली. गाडी मला घेऊन हळूहळू पुढे गेली, भिंत मागे पडली, दीनानाथजींची वाट मोकळी झाली. त्यांची गाडी निघून गेल्याचा आवाज आला.

पेडल खालीच होतं.

रुचिरा खिडकीशी वाकली. तिला काही दिसत नसावं. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिच्यामागे आई उभी होती.

"ताई?"

"मी त्याला..." मी म्हणाले आणि थांबले.

पेडल हललं नाही. ते पूर्ण वाक्याची वाट पाहत होतं.

"मी त्याची वाट अडवली होती," मी म्हणाले. "धम्मदीप गेला, रुचिरा. फाइल दे. मी सही करते."