सनिय्याच्या मापाची खिडकी

बस. दिवा जरा इकडे ओढ, म्हणजे दोरा नीट दिसेल.

आमच्या रशीद गावात जाळीची खिडकी करणारा सुतार घरातल्या बाईकडे बघत नाही. बाई आत, खिडकीच्या जागी बसते, जमिनीपासून डोळ्यांपर्यंत दोरा धरते, तिथे गाठ मारते आणि टोपलीतून खाली सोडते. गाठीखाली जाळी बारीक, वर मोकळी. तिला रस्ता दिसतो, रस्त्याला ती दिसत नाही.

अकरा वर्षांपूर्वी हाजी शलबीच्या बायकोने, सनिय्याने, असाच निळा दोरा माझ्यासाठी सोडला होता. हाजी म्हणाला, "खिडकी दिली की उद्या दार मागेल. छताखाली एक झरोका ठेव, पुरे झालं."

ठेवला. तिचा हात पोचणार नाही इतका वर. चार वर्षं ती त्या ओल्या खोलीत खोकली, मग खोकला थांबला. मयताला जाऊन मी तिथली रिवाजाची बिनसाखरेची कॉफीही पिऊन आलो.

यंदा हाजीने नव्या नवरीसाठी गच्चीवर खोली चढवायला घेतली. मला विचारतो, "उस्ता बयूमी, खिडकी कुठे शोभेल?"

"नाईलच्या अंगाला, भिंतीबाहेर काढलेली. वारा येईल."

"तशीच कर. सासऱ्याची अट आहे, पोरीला उजेड हवा."

सनिय्याला बाप नव्हता. मी एवढंच विचारलं, "नवरीचा दोरा?"

"दमनहूरहून, तिच्या माहेरून मागवतो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी खाली उभा राहून भिंतीतली मोकळी जागा न्याहाळत होतो. गवंडी जेवायला गेलेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वरून टोपली आली... सावकाश, भिंतीला घासत. तळाशी गाठ मारलेला निळा दोरा. त्याला ओल्या चुन्याचा वास येत होता. हाजीने मागवलेला नवरीचाच असेल म्हणून खिशात टाकला, त्या मापाने खिडकी केली आणि बसवली.

हाजी बघायला आला. "माप कुठून आणलंस? दमनहूरचा दोरा तर आत्ता हातात पडला."

"तुम्हीच टोपलीतून सोडलात ना..."

"त्या दिवशी वर जायला जिना तरी होता का?"

मी हत्यारं उचलली. लग्न व्हायचं ते झालं.

आठव्या दिवशी हाजी माझ्या दुकानात आला. आवाज पार बसलेला. "पोरगी म्हणते, खिडकीशी कोणी बाई बसते. सरकत नाही... नुसती खोकते. उस्ता, बाहेरून फळ्या ठोक."

नाही म्हणायची ही दुसरी संधी होती. मी म्हणालो, "बरं, हाजी."

शिडीवरून फळ्या ठोकताना जाळीतून बोटांवर श्वास लागत होता. गार. मी पुटपुटलो, "बाई, माझा नाइलाज आहे." खोटं बोललो. नाइलाज तेव्हाही नव्हता.

दुकानामागची ही माझी खोली. हिला खिडकी नाही, बघतोच आहेस. फळ्या ठोकल्या त्या रात्री कडी मी आतून घातली होती. सकाळी उशाशी हा निळा दोरा होता. बसल्या जागी जमिनीपासून लावून पाहिला, तर गाठ बरोबर माझ्या डोळ्यांशी आली.

हात लावून बघ. अजून ओला आहे.