भिंतीतून आलेलं उत्तर

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा. मला कुणाची मनधरणी करायची नाही.

आणि ज्यांना वाचून हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

आम्हीही हसलो होतो.

जानेवारीतला रविवार. भर दुपार. कॅनडातल्या एडमंटनच्या उत्तरेकडचा जुना प्लाझा. एक लाँड्री, एक गहाणाचं दुकान आणि टोकाला एक गाळा. बाहेर उणे तीस.

मी लारिसा. स्कूल बस चालवते. ड्वेन आमच्या गॅरेजात मेकॅनिक. बेव तिथेच फोनवर बसते, कुठली बस कुठे पाठवायची ते बघते. तिघांचीही लग्नं मोडलेली, पोरं मोठी होऊन पांगलेली. रविवार खायला उठायचा. म्हणून आम्हीच खायला निघालो. दर रविवारी शहरातलं नवं हॉटेल, नव्या देशाचं जेवण. आणि एका ठिकाणी पुन्हा पाऊल टाकायचं नाही. हा नियम ड्वेनचा.

"एकदा जेवलो की तो देश झाला," तो म्हणायचा. देश नाही, टायर बदलतोय जणू.

आमची एक खूण होती. ज्याची गाडी, तो घ्यायला यायचा आणि दारावर ठोकायचा. तीन भरभर, दोन सावकाश. आतल्याने आतूनच उत्तर द्यायचं. एक तळहाताने, एक बोटाच्या पेराने.

धप. टक.

म्हणजे, 'येतेय, बोंबलू नकोस.'

ही खूण आमच्या तिघांतच होती. चौथ्या कुणाला ती माहीत नव्हती. एवढं लक्षात ठेवा.

त्याच्या काही वर्षं आधी आम्ही एका व्हिएतनामी हॉटेलात गेलो होतो. नूडल्सचे मोठाले वाडगे, मागच्या भिंतीला लागून, ओलीच्या फुगलेल्या डागाशेजारी आमचं टेबल. जेवण रंगात आलेलं. आणि...

भिंतीतून कुणीतरी ठोकायला लागलं.

जोरजोरात. दोन्ही हातांनी ठोकावं तसं.

"कुणाला तरी फार घाईची लागलीय!" ड्वेन म्हणाला. "अहो मालकीणबाई, सोडा त्या बिचाऱ्याला, पँट खराब होईल त्याची!"

मालकीण हसली नाही. "त्या भिंतीमागे काही नाही," ती म्हणाली. "पार्किंग आहे. बर्फ आहे."

ड्वेनने सुपाचा चमचा उचलला आणि भिंतीवर आमची खूण वाजवली. तीन भरभर, दोन सावकाश.

ठोकणं थांबलं.

आणि मग...

धप. टक.

आम्ही हसून हसून लोळलो. ड्वेन सगळ्यांत जास्त. त्याचं हसणं म्हणजे गारठलेलं इंजिन, घरघरतं, पण चालू होत नाही.

घरी जाताना मी विचारलं, "बेव, त्याला आपलं उत्तर कसं माहीत?"

"योगायोग गं," ती म्हणाली. "डोकं नको खाऊस, पोट भरलंय माझं."



ते हॉटेल बंद पडलं. आम्हाला काय त्याचं? तो देश झालेला होता.

आता जानेवारीतल्या त्या रविवारी या. बेवने एल साल्वादोरचं नवं हॉटेल शोधलं होतं. पाटी नवी, दार बाजूला हलवलेलं, समोर बर्फाचे ढिगारे. गाळा ओळखू आला नाही. आत शिरलो. मालक ओविडिओ, लठ्ठ, हसरा माणूस. त्याने गरम पुपुसा आणून ठेवल्या. मक्याच्या जाड भाकरीत वितळलेलं चीज, वर आंबवलेली कोबी.

ड्वेनने काटा मागितला.

"हाताने खायचं, दादा," ओविडिओ म्हणाला. "काट्याने खाल्लंत तर माझी आई तिकडून विमानाने येईल तुम्हाला मारायला."

"येऊ दे. तिला म्हणावं मी एकटाच आहे," ड्वेन म्हणाला.

बेवने त्याला कोपर मारलं. "मेल्या, टॉयलेटला जाऊन ये आधी. इंजिनाचं तेल धू त्या हातांचं."

तो उठला, कोट खुर्चीवर टाकला आणि पडद्यामागच्या बोळात गेला.

पुपुसा गार झाल्या. चीज घट्ट झालं.

तो आला नाही.

मी उठून बोळात गेले. चार पावलांचा बोळ. टॉयलेटचं दार सताड उघडं, दिवा चालू. नळातून पाणी वाहत होतं.

आत कुणी नव्हतं.

मागचं दार होतं, पण त्याच्या फटीत बर्फ गोठलेला. ओविडिओने खांदा लावला, हललं नाही. उन्हाळ्यापर्यंत उघडायचं नाही असं वाटावं इतकं घट्ट. बेव बाहेरून गाळ्याला चक्कर मारून आली. बर्फावर एकही पाऊल नाही.

त्याचा कोट खुर्चीवरच होता.

"ड्वेन, भंकस पुरे!" बेव ओरडली. तिचा आवाज फाटला होता.

तेव्हा माझं लक्ष टेबलाकडे गेलं. मागच्या भिंतीला लागून असलेल्या आमच्या टेबलाकडे. रंग नवा होता, पण खाली ओलीचा तोच डाग फुगलेला होता.

आम्ही इथे जेवलो होतो. व्हिएतनामी हॉटेल होतं तेव्हा.

मी भिंतीवर ठोकलं. तीन भरभर, दोन सावकाश. कान लावला.

काही नाही... लाँड्रीच्या मशीनची घरघरसुद्धा नाही.

पुन्हा ठोकलं. हात सुजेस्तोवर ठोकलं. ओविडिओ छातीवर क्रूस काढत उभा राहिला. मी त्याच्यावर खेकसले, हातोडा आण, भिंत फोड म्हणाले. तो हातोडा शोधायला धावला, आणि...

पडदा हलला.

ड्वेन त्याच बोळातून आला. त्याच टॉयलेटमधून, जे मी, बेवने आणि ओविडिओने रिकामं पाहिलं होतं. ओठ निळे. बोटांची सालं निघालेली, रक्त गोठलेलं. बसला आणि गार पुपुसाकडे बघत राहिला.

गाडीत बसल्यावर बोलला. एकदाच. पुन्हा कधी नाही.

"हात धुतले. दिवा गेला. दार चाचपलं तर दारच नाही. चारही बाजूंनी भिंत. खांदे वळवायलासुद्धा जागा नाही. मी ठोकत सुटलो. मग पलीकडून तुम्ही बोललात."

"मी ठोकलं होतं," मी म्हणाले. "ऐकलंस ना?"

"हाताने नाही, लारिसा. चमच्याने."

तो सांगत गेला.

"तीन भरभर, दोन सावकाश. पलीकडे सुपाचा वास येत होता. तू होतीस, बेव होती. आणि मी होतो. माझा आवाज मी ओळखतो. 'पँट खराब होईल' म्हणत होतो."

"म्हणून तू उत्तर दिलंस," बेव कशीबशी म्हणाली. "धप, टक. आम्ही ऐकलं होतं ना तेव्हा."

ड्वेनने मान हलवली.

"मी उत्तर दिलं नाही. तोवर माझे हात छातीशी अडकले होते, हलत नव्हते."

"मग कुणी दिलं?"

"माझ्या मागे कुणीतरी होतं. माझ्या कानाजवळून हात पुढे आला आणि त्याने ठोकलं. एकदा तळहाताने, एकदा पेराने. पलीकडे मी हसायला लागलो. त्या हाताने मला ढकललं, आणि मी टॉयलेटच्या दाराबाहेर पडलो."

मग त्याने सोललेली बोटं कोटाच्या खिशात लपवली.

"हात गार होता. लहान होता. बाईचा हात."

तेव्हापासून ड्वेन आमच्यासोबत येत नाही. गॅरेजात येतो, काम करतो, दार कधी लावत नाही. ओविडिओने हॉटेल गुंडाळलं. गाळ्याच्या मालकाला मी जाऊन सांगितलं, भिंत फोडून बघ. तो म्हणाला, "बाई, डॉक्टरला दाखवा." मूर्ख माणूस. आता तिथे काचेला तपकिरी कागद लागलाय. नवं काहीतरी येतंय.

लोक मला विचारतात, आत कोण मेलं होतं? कुणी मेलं नव्हतं. मेलेल्याला आमची खूण कुठून ठाऊक असणार? ती तिघांनाच ठाऊक आहे. ड्वेन बाहेर आला. बाईचा हात म्हणजे उरलो आम्ही दोघी.

बेव बाहेर जेवत नाही. मीही जात नाही. पण कुठल्यातरी दुपारी, कुठल्यातरी बोळात, आमच्यापैकी एकीमागे दार राहणार नाही. ती त्याच भिंतीत, ड्वेनच्या मागे उभी असेल. तिनेच त्याला बाहेर ढकललंय. तिला ढकलायला मागे कुणीच नाही.

मी रोज देवाकडे मागते, तो हात बेवचा असू दे.

आणि काल गॅरेजात ती माझ्या हातांकडे बघत होती. बराच वेळ.