दुधाच्या यादीतली अकरा बाळं

चौदा नंबरच्या घरात बाळ नव्हतं. बाळ कसलं, घरच नव्हतं. दोन भिंती कशाबशा उभ्या होत्या आणि मधे विटांचा ढीग. यादीत मात्र स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: निकोस, मुलगा, दोन महिने, आठवड्याला दुधाचा एक डबा.

एव्हान्थियाबाईंनी पेन्सिलीने फुली मारली आणि पुढचा पत्ता धरला. तीस वर्षं सुईणपण केलेली बाई. अथेन्सच्या कडेच्या आमच्या केसारियानी वस्तीतली निम्मी पोरं पहिल्यांदा रडली ती त्यांच्याच हातांत. स्वीडिश वकिलातीच्या मदत कचेरीने त्यांना दूधकेंद्रांच्या तपासणीला ठेवलं होतं. स्वीडन लढाईत नव्हता, म्हणून दोन्ही बाजूंच्या परवान्याने त्याची जहाजं पिरेअस बंदरात येत. अट एकच: एक डबाही यादीबाहेर जाता कामा नये.

साडेअकरापर्यंत अकरा फुल्या झाल्या होत्या. अकरा पत्ते, आणि एकाही ठिकाणी बाळ नाही.

वकिलातीतले हालग्रेनसाहेब हे ऐकून खुर्चीतून उठले ते पुन्हा बसलेच नाहीत. शहर जर्मनांच्या ताब्यात होतं, आणि चार वाजता त्यांचा कप्तान दुभाष्याला घेऊन याद्या तपासायला येणार होता. खोटं सापडलं की पुढचं जहाज अडलं, आणि त्या जहाजावर अथेन्समधल्या चार हजार पोरांचं दूध होतं. साहेबांना चारच्या आत चोर हवा होता, आणि त्यांच्या मते तो आयताच समोर होता. डबे ड्रायव्हर थिमिओसच्या ट्रकमधून जात, आणि मार्च १९४४ मध्ये, सगळं शहर पायांना चिंध्या गुंडाळून हिंडत असताना, थिमिओसच्या पायांत नवे जोडे होते.

थिमिओसला बोलावलं. त्याने निमूटपणे एक जोडा काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"वास घ्या. रबर आहे. तुमच्याच ट्रकच्या फाटक्या टायरचं. तेवढी चोरी कबूल, बाकीची दुसऱ्या कुणाच्या माथी मारा."

एव्हान्थियाबाईंना हसू आलं, पण हसायची वेळ नव्हती. पेट्यांची मोहोर केंद्रावर दोघांसमोर फुटते आणि डबे तिथेच मोजले जातात, ते दर वेळी पुरे भरतात, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. म्हणजे डबे जात होते ते केंद्रावर पोचल्यानंतर. शाल आवळून त्या तरातरा केंद्राकडे निघाल्या.

केंद्रावर यादी लिहायची ती फोतिनी. पंचविशीची, वाळलेली, कामाला चोख. चार महिन्यांपूर्वी लागलेली. दारात आयांची रांग लागली होती. रिकामा डबा द्यायचा, भरलेला न्यायचा, हा केंद्राचा नियम. एव्हान्थियाबाईंनी विचारलं, या अकरा जणांचे रिकामे डबे येतात का?

"दर आठवड्याला. एकही चुकलेला नाही," फोतिनी म्हणाली. तिने फळीवरचे डबे दाखवलेही. फोडलेले, आतून लख्ख धुतलेले.

"नेतं कोण?"

"आया आजारी असतात. मीच पोचवते."

"कुठे?"

"पत्त्यावर."

"चौदा नंबरला छप्पर नाही, पोरी."

फोतिनीने मान खाली घातली.

तेवढ्यात बाईंचं लक्ष रांगेकडे गेलं. ओळखीच्या एका पोरीच्या कडेवर चार महिन्यांची गोरीपान मुलगी होती. काय नाव ठेवणार, बाईंनी सवयीने विचारलं. ईस्टरनंतर बाप्तिस्मा आहे तेव्हा बघू, ती म्हणाली, तोवर बाळच. एव्हान्थियाबाईंनी यादी पुन्हा उघडली. उभ्या उभ्या दोनदा वाचली. मग फोतिनीचा हात धरला आणि तिला थेट वकिलातीत आणलं. घड्याळात तीन वाजायला आले होते.

"थिमिओसची माफी मागा," त्या आत शिरताच म्हणाल्या. "काळाबाजारवाला डबा कधी फोडत नाही, साहेब. फोडला की त्याची किंमत गेली. हे डबे फोडून, धुऊन परत येतात. म्हणजे ते दूध कुणीतरी पितंय. पत्ते खोटे आहेत, पण बाळं खरी."

"खरी असतील तर लपवायची कशाला?"

"यादी वाचा. बाकीची तान्ही पोरं कशी लिहिली आहेत?"

साहेबांनी बोट फिरवलं. "बाळ, मुलगी. बाळ, मुलगा. बाळ..."

"आणि ही अकरा?"

"निकोस. इरिनी. स्पिरोस."

"आमच्यात बाप्तिस्म्याआधी नाव नाही. सख्खी आईसुद्धा बाळच म्हणते. म्हणून इतर आयांनी सांगितलं तसं हिने लिहिलं. ही अकरा लिहिताना मात्र सांगणारं कुणी नव्हतं. नावं हिने आमची ख्रिस्तीच शोधली, पण दोन महिन्यांच्या पोराला नाव असतंच, हे हिच्या हाडीमासी भिनलेलं. मुलाचं नाव आठव्या दिवशी ठेवतात, अशा ज्यू घरातली आहे ही."

हालग्रेनसाहेब आता कुठे खुर्चीत बसले. ज्यू लोकांना जर्मन घराघरांतून हुडकत होते, हे अथेन्समध्ये कुणाला ठाऊक नव्हतं? आणि चारला येणारा दुभाषी ग्रीक होता. जे बाईंना दिसलं ते त्यालाही दिसलं असतं.

"मी सालोनिकाची. तिथली आमची माणसं गेल्या वर्षी जर्मनांनी गाड्यांत भरून नेली," फोतिनी म्हणाली. "हे नाव कागदापुरतं. त्या अकरांतलं एक माझं आहे. मला काय करायचं ते करा, पण डबे थांबवू नका."

साहेबांनी विचारलं, कुठे आहेत ती? बाईंनी त्यांना तिथेच अडवलं. माहीत नसलेलं कुणी मारूनही काढू शकत नाही, असं त्यांनी बजावलं.

"मला दगडाचा समजू नका," साहेब म्हणाले. "आम्ही बाजू घेतली असं दिसलं तर चार हजार पोरं उपाशी मरतील. खोट्या कागदावर मी सही करणार नाही."

"मग खरं लिहा." बाईंना आता राग आला होता. "बाळ, मुलगा, दोन महिने, भुकेलं. यात खोटं काय आहे?"

"आणि पत्ता?"

"माझा. केअर ऑफ सुईण. उद्या कुणी हिशेब मागायला आलं तर माझ्याच दारात येईल."

साहेबांनी कोरा कागद फोतिनीपुढे सरकवला. घाईत पहिला कागद वाया गेला. दुसऱ्यावर शाई वाळते न वाळते तोच जिन्यावर बूट वाजले.

कप्तानाने डबे मोजले, सह्या पाहिल्या आणि शेवटच्या पानावर थांबला. एका पत्त्यावर अकरा बाळं? दुभाष्याने ग्रीकमध्ये विचारलं. टाकलेली पोरं सुईणीच्याच उंबऱ्यावर येतात, मी ती पाच दारी वाटून सांभाळते, बाईंनी सांगितलं. कप्तानाने पुन्हा पानावर बोट ठेवलं. एकालाही नाव कसं नाही?

दुभाषी कंटाळून उसासला.

"आमच्यात बाप्तिस्म्याआधी नाव ठेवत नाहीत, साहेब," त्याने समजावलं. "नावं असती तर संशय घ्यायचा."

कप्तानाने मान डोलावली आणि शिक्का मारला. हालग्रेनसाहेबांनी सही केली.

बूट जिना उतरून गेले. फोतिनी भिंतीला टेकून ढसाढसा रडली. बाईंनी तिला रडू दिलं. मग हळूच विचारलं, तुझ्या बाळाचं खरं नाव काय गं?

"हाइम," ती म्हणाली. इतक्या दिवसांत ते तिने मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

"गोड आहे. पोटात ठेव. लढाई संपली की मला पुन्हा सांग, मी पहिल्यांदाच ऐकेन."